स्लॅलम वॉटर स्की: बोयाला वळसा आणि फिनचा पाव मिलिमीटर

स्लॅलम म्हणजे बोटीच्या दोरीला धरून, एकाच स्कीवर, पाण्यावर तरंगणाऱ्या सहा खुणांना म्हणजे बोयांना आलटून पालटून वळसे घालणं. या मार्गावर एका बोयापासून पुढच्या बोयापर्यंत बोट 41 मीटर जाते. ताशी 55 किलोमीटरने हे अंतर कापायला तिला 2.68 सेकंद लागतात. तेवढ्या वेळात स्कीअरने एका बाजूचा बोया वळायचा, बोटीमागे उठणाऱ्या दोन्ही लाटा ओलांडायच्या आणि दुसऱ्या बाजूला मधल्या रेषेपासून 11.5 मीटर बाहेर पोहोचायचं. घाई एवढी असते की चूक नेमकी कुठे झाली ते पाण्यात असताना कळत नाही. मग दोष स्कीवर जातो आणि पहिल्याच आठवड्यात फिनचे, म्हणजे स्कीच्या तळाला मागच्या बाजूस बसवलेल्या पात्याचे, स्क्रू सैल होतात. आमचं मत स्पष्ट आहे: फिन हे फार बारीक आणि फार उपयोगी साधन आहे, पण तुमचं अंग दर फेरीला वेगळं वागत असेल तर फिन हलवून काहीच समजत नाही. म्हणून आधी तंत्र, मग मोजमाप आणि शेवटी बदल, हाच क्रम ठेवा.

मार्ग आणि दोरी

प्रवेशाच्या दारापासून बाहेरच्या दारापर्यंत मार्ग 259 मीटर लांब. दार म्हणजे बोयांची जोडी. दारापासून पहिला बोया 27 मीटरवर, मग 41-41 मीटरवर बाकीचे पाच आणि शेवटच्या बोयापासून बाहेरचं दार पुन्हा 27 मीटरवर. स्कीअरचं दार 2.5 मीटर रुंद असतं. त्याच्या 55 मीटर अलीकडे बोयांची आणखी एक जोडी असते, ती वेळ साधण्यासाठी. बोट सरळ मधून जाते. 1, 3, 5 हे बोये उजवीकडे आणि 2, 4, 6 डावीकडे.

सहाही बोये घेतले की वेग 3 किलोमीटरने वाढतो: 46, 49, 52, 55, 58. आपल्या गटाचा कमाल वेग गाठला की पुढे वेग तोच राहतो आणि दोरी आखूड होत जाते: 18.25, 16, 14.25, 13, 12, 11.25, 10.75, 10.25, 9.75 मीटर. पुरुषांच्या खुल्या गटात कमाल वेग 58, महिलांसाठी 55. 11.25 मीटरला दोरी बोयाच्या अंतरापेक्षाही आखूड होते. तिथून पुढे स्कीअर बोयापर्यंत पोहोचतो तो स्वतःच्या हाताच्या आणि कललेल्या शरीराच्या लांबीवर.

नवशिक्याने या आकड्यांकडे सध्या बघूच नये. 18.25 मीटरची दोरी, 43 ते 46 चा वेग आणि सुरुवातीला मार्गाबाहेरचं मोकळं पाणी. दोन्ही बाजूंना सारखं वळता येईपर्यंत बोये मोजत बसण्यात अर्थ नाही.

उभं राहणं

स्लॅलमची मूळ मुद्रा जमिनीवर शिकता येते आणि तिथेच शिकावी. हँडल खांबाला कमरेच्या उंचीवर बांधा. दोन्ही हातांनी धरा, एक तळवा वर, एक खाली. पाय स्कीवर असतात तसे एकामागे एक ठेवा आणि खांबापासून दूर कला. आता तपासा: हात सरळ आहेत का, हँडल कमरेजवळ आहे का, कंबर हँडलकडे पुढे आली आहे का, दोन्ही खांदे एका पातळीत आहेत का, घोटे वाकलेले आहेत का. कंबर मागे पडून खुर्चीत बसल्यासारखं झालं, तर ओढ पाठीवर येते आणि काही सेकंदांत कंबर दुखायला लागते. कंबर पुढे असली की तीच ओढ पायांवरून थेट स्कीत उतरते.

गुडघे वाकवा, असं सगळेच सांगतात. घोटे वाकवा, असं सांगायला हवं. घोटा ताठ ठेवून नुसता गुडघा वाकवला की वजन मागच्या पायावर जातं, स्कीचं टोक वर उठतं आणि वळण लांबत जातं.

दारापासून बोयापर्यंत

दारात शिरण्याआधी स्कीअर डावीकडे बाहेर सरकतो. 55 मीटरच्या बोयांच्या आसपास ओढ सुरू करायची, बोटीच्या शक्य तितकं बरोबरीला येईपर्यंत बाहेर जायचं, मग स्की सपाट ठेवून क्षणभर तरंगायचं. या तरंगण्यात घाई करू नका. पहिल्या दारात उशीर झाला तर तो सहाव्या बोयापर्यंत पाठ सोडत नाही. उलट फार लवकर आत वळलात तर दार चुकतं किंवा दोरी सैल पडते.

आत वळताना स्की कडेवर घ्या, म्हणजे एका बाजूला कलती करा, आणि ओढ हळूहळू वाढवा. सर्वात जास्त जोर पहिल्या लाटेपासून बोटीच्या मधल्या रेषेपर्यंत. दुसऱ्या लाटेपलीकडे ओढत राहणं ही सर्वात जास्त दिसणारी चूक. तिथे ओढत राहिलं की वेग नको तितका वाढतो, कड बदलायला उशीर होतो, आणि बोया समोर येतो तेव्हा स्की अजून बाहेरच धावत असते.

लाटा ओलांडल्यावर हँडल अंगाजवळच ठेवा, दोन्ही कोपरं जॅकेटला चिकटलेली. कड बदलून स्की बाहेरच्या दिशेने स्वतः निघते. हात लवकर सोडला की बोट तुम्हाला आत ओढते आणि बोयाच्या आतून जावं लागतं. बोयाच्या जरा आधी बाहेरचा हात सोडायचा. बोटीकडचा हात हँडलवर राहतो आणि दोरीच्या दिशेने पुढे जातो. खांदा पाण्याकडे टाकायचा नाही.

वळण पूर्ण होताना हँडलकडे झेपावू नका. कंबर हँडलकडे आणा, दुसरा हात आपोआप तिथे पोहोचतो. हाताने हँडल ओढून घेतलं की दोरी सैल होते आणि पुढच्याच क्षणी ती झटक्याने ताणते. त्या झटक्यात बरेच जण पडतात.

प्रत्येकाची एक बाजू सोपी असते आणि एक अवघड. अवघड बाजूला बहुतेकांचं डोकं आतल्या बाजूला कलतं आणि मागचा खांदा उघडतो. या बाजूची तक्रार फिनकडे नेण्याआधी किनाऱ्यावरून किंवा बोटीतून चित्रण करून तिथे डोकं कुठे आहे ते बघा. निम्म्याहून जास्त वेळा उत्तर तिथेच मिळतं, असा आमचा अनुभव आहे.

साहित्य बदलण्याआधी

साहित्याशी प्रयोग करणं या खेळाइतकंच जुनं आहे. 1922 मध्ये अमेरिकेत मिनेसोटातल्या लेक पेपिनवर, वॉटर स्कीचा जनक मानल्या जाणाऱ्या राल्फ सॅम्युएलसनने आधी पिंपाच्या फळ्या आणि बर्फावरच्या स्की वापरून पाहिल्या. त्या जमल्या नाहीत, तेव्हा त्याने लांब फळ्यांची टोकं उकळत्या पाण्यात मऊ करून वर वळवली आणि त्यांवर तो उभा राहिला. पाण्यावर उचलून धरणारा पृष्ठभाग पुरेसा हवा आणि टोक वर वळलेलं हवं, ही त्याने शोधलेली गोष्ट आजच्या कार्बनच्या स्कीतही तशीच आहे.

पहिलं ठरवायचं ते स्कीची लांबी. ताशी 55 किलोमीटरला ढोबळमानाने 60 ते 70 किलो वजनाला 65 इंच, 70 ते 80 ला 66, 80 ते 92 ला 67. वेग कमी असेल तर जरा लांब स्की घ्या. प्रत्येक कंपनीचा तक्ता थोडा वेगळा असतो, शेवटचा शब्द त्याचाच. अमेरिकेतून येणारी सगळी मापं इंचात असतात. फिनची नोंदही इंचातच ठेवा, नाहीतर बदलताना आकडे गोंधळतात. 0.010 इंच म्हणजे सुमारे पाव मिलिमीटर.

बूट फार महत्त्वाचे. पुढचा बूट घट्ट पण बोटं हलतील इतका. मागे दुसरा पूर्ण बूट असेल तर दोन्ही बूट पडताना एकत्र सुटायला हवेत. एक सुटला आणि दुसरा अडकला तर घोटा किंवा नडगी मोडू शकते. नवशिक्याला मागे बोटांची पट्टी असलेली जोडणी सोपी, कारण पाण्यातून उठताना मागचा पाय मोकळा राहतो.

मोजमाप

कॅलिपर, म्हणजे दोन जबड्यांमध्ये धरून बारीक माप घेणारं साधन हवं, इंचात 0.001 पर्यंत वाचणारं. स्कीच्या शेपटाखाली मऊ कापड ठेवून ती उलटी, हलणार नाही अशी ठेवा. मग तीन आकडे घ्या. फिनची लांबी: स्कीच्या तळाशी, पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत. खोली: तळापासून फिनच्या सर्वात खालच्या बिंदूपर्यंत. शेपटापासून अंतर: स्कीच्या मागच्या टोकापासून फिनच्या मागच्या कडेपर्यंत. साधारण आकडे असे असतात: लांबी 6.8 ते 6.9 इंच, खोली 2.45 ते 2.50, शेपटापासून अंतर 0.75 च्या आसपास, पंखाचा, म्हणजे फिनला आडव्या लावलेल्या छोट्या पट्टीचा, कोन 7 ते 9 अंश. पुढच्या बुटाची टाच शेपटापासून बहुधा 29 ते 30 इंचांवर असते.

दोन अडचणी येतात. पहिली, लांबी कॅलिपरच्या टोकांनी मोजली की सपाट जबड्यांनी, यावर आकडा बदलतो. म्हणून दुसऱ्याचे आकडे उचलताना त्याने कसं मोजलं ते आधी विचारा. दुसरी, फिनच्या कडा वक्र असतात. एक टोक वर-खाली केलं की खोलीबरोबर लांबीही सरकते. म्हणून प्रत्येक बदलानंतर तीनही आकडे पुन्हा घ्या, प्रत्येक तीन वेळा. तीनही वेळा 0.002 च्या आत आकडा येत नसेल तर तुमचा हातच अजून बसलेला नाही.

बदल

कारखान्याच्या आकड्यांवर सुरू करा आणि तिथेच निदान दोन आठवडे राहा. मग एका वेळी एकच गोष्ट बदला.

बुटांपासून सुरुवात करा, कारण तुमच्या वजनाची जागा तिथे ठरते. पुढे सरकवले की टोक पाण्यात जास्त बसतं आणि वळण लवकर सुरू होतं. फार पुढे गेले तर टोक रुततं आणि स्कीअर हँडलवर फेकला जातो. मागे सरकवले की स्की मोकळी धावते, पण वळण लांबतं. एका छिद्राइतकाच, म्हणजे पाव इंच, सरकवा. दोन्ही बूट एकत्र सरकवा, नाहीतर दोन पायांतलं अंतर बदलून वेगळाच प्रयोग सुरू होतो.

नंतर फिनचं शेपटापासूनचं अंतर. फिन पुढे गेलं की स्की चटकन वळते, मागे गेलं की स्थिर वाटते आणि वळसा मोठा होतो. मग खोली: खोल फिन शेपूट धरून ठेवतं. उथळ केलं तर शेपूट घसरतं, आणि ते थोडं घसरणं काहींना हवंच असतं, कारण त्यामुळे वळण लवकर संपतं. शेपूट सुटून जात असेल तर 0.005 ते 0.010 ने खोल करा. लांबी बदलणं सर्वात शेवटी, आणि तेही थोडंच. पंखाचा कोन वाढला की लाटांनंतर स्की लवकर मंदावते. फार वाढवला तर बोयाच्या आधीच वेग मरतो. एक अंशाच्या वर एकदम जाऊ नका.

हे परिणाम दिशा दाखवतात, हमी देत नाहीत. वेगळ्या आकाराच्या स्कीवर तोच बदल उलटा जाणवू शकतो. म्हणून तपासणीची रीत महत्त्वाची. एकच दोरी, एकच वेग, रोज 6 ते 8 फेऱ्या. बोटीत जीपीएसवर चालणारं वेग-नियंत्रण असेल तर त्याची अक्षर-अंकाची निवडही तीच ठेवा. ए1 वर ओढ मऊ लागते, सी3 वर कडक, आणि हा फरक फिनच्या 0.010 पेक्षा सहज मोठा असतो. बदल केला की तीन दिवस त्यावर खेळा, मग जुन्या आकड्यावर परत जा, मग पुन्हा नव्यावर. तिन्ही वेळा तोच फरक जाणवला तरच तो फिनचा. सोबत्याने फिन लावावं आणि आकडा न सांगावा, ही युक्ती तर फारच चांगली. नवीन काही केलं आहे हे माहीत असलं की पहिल्या दिवशी सगळेच चांगले वळतात.

वहीत तारीख, पाण्याचं तापमान, दोरी, वेग, तीन आकडे, पंख, बूट आणि कोणत्या बोयाला काय झालं ते लिहा. थंड पाण्यात तीच स्की वेगळी वाटते, त्यामुळे एप्रिलचे आकडे जुलैत चालतीलच असं नाही.

स्कीच्या कडा घासणं किंवा तळाला सॅंडपेपर लावणं मात्र करू नका. फिन परत जागेवर नेता येतं, घासलेली कड परत येत नाही.

पाण्यात उतरण्यापूर्वी फिनचे आणि बुटांचे स्क्रू हाताने घट्ट करा. विजेच्या ड्रिलने आवळले तर आतली पितळी बैठक फिरून मोकळी होते. हँडलच्या गाठी आणि दोरीचे धागे बघा. बोटीत चालकाशिवाय स्कीअरकडे बघणारा एक माणूस हवाच. दोरी हाताला कधीही गुंडाळू नये. पडल्यावर हात वर करून ठीक असल्याची खूण द्या, आणि ती खूण दिसेपर्यंत बोटीने आपलं लक्ष तुमच्यावरून हलवू नये.