उपचारांना उशीर कोणाला होतो: गावपातळीवरील पाहणी कशी करावी

दवाखाना किती किलोमीटरवर आहे हे विचारून वेळेवर उपचार कोणाला मिळतात ते कळत नाही. एकाच वाडीतल्या दोन घरांपासून प्राथमिक आरोग्य केंद्र सारख्याच अंतरावर असते. परंतु एका घराच्या दारात मोटारसायकल उभी असते आणि दुसऱ्या घरातल्या म्हाताऱ्या बाईला मुलगा रानातून परतेपर्यंत ओसरीवर कळ सोसत बसावे लागते. म्हणून पाहणी अंतराची नव्हे, तासांची करावी.

सुरुवात आरोग्य केंद्रातल्या नोंदवहीपासून करण्याचा मोह टाळावा. त्या वहीत पोहोचलेल्यांचीच नावे असतात. जो पोहोचलाच नाही, वाटेतून परतला किंवा घरीच दगावला, त्याची ओळ तिथे नसते आणि आपल्याला शोधायचा असतो तो नेमका हाच माणूस. त्यामुळे घरोघरी जाऊन, गेल्या वर्षभरात अठरा वर्षांवरील कोणाला तातडीचे आजारपण आले का, असे विचारावे. मृत्यू झालेल्या घरी नातेवाइकांकडून माहिती घ्यावी, मात्र आधी त्यांची तयारी आहे का ते पाहावे.

सर्व आजार धरल्यास हिशेब विस्कटतो. ज्यांत वेळेची मर्यादा स्पष्ट आहे असे दोन-तीनच प्रसंग निवडावेत. अर्धांगवायूचा झटका, सर्पदंश आणि दोन आठवड्यांहून अधिक टिकलेला खोकला हे तीन मला उपयुक्त वाटतात. झटका रक्ताच्या गुठळीमुळे आला असेल तर ती विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते आणि त्याआधी सीटी स्कॅन करावा लागतो. सर्पदंशात प्रतिविष जितके लवकर तितके बरे. दोन आठवडे खोकला टिकला तर क्षयरोगाची तपासणी व्हायला हवी.

आता मुख्य काम. प्रत्येक प्रसंगासाठी तीन वेळा लिहाव्यात: त्रास सुरू झाला ती, माणूस पहिल्यांदा कोणाकडे गेला ती आणि योग्य उपचार सुरू झाले ती. दुसरी आणि तिसरी वेळ एकच समजण्याची चूक हमखास होते. साप चावलेल्या माणसाला अर्ध्या तासात मांत्रिकाकडे नेले आणि प्रतिविष सहा तासांनी मिळाले, तर नोंद सहा तासांचीच होते. घड्याळातली वेळ बहुतेकांना सांगता येत नाही, म्हणून तिचा माग काढावा: सकाळची एसटी गेली होती का, डेअरीत दूध घालून झाले होते का, पोरे शाळेतून आली होती का. अशा खुणांवरून अर्ध्या तासाच्या फरकाने वेळ ठरवता येते आणि आपल्या कामाला तेवढी पुरते.

तास कुठे गेले हेही पाहावे. थॅडियस आणि मेन या अभ्यासकांनी 1994 मध्ये मातामृत्यूंच्या संदर्भात उशिराचे तीन टप्पे मांडले: जायचे ठरवण्यात, पोहोचण्यात आणि पोहोचल्यावर उपचार मिळण्यात. हीच विभागणी इतर आजारांनाही लावता येते. सुनेशी सासूसमोर बोलू नये; पहिल्या टप्प्यातला उशीर, म्हणजे कोणाच्या परवानगीसाठी थांबावे लागले ते, चारचौघांत कोणी सांगत नाही.

गट फार पाडू नयेत: स्त्री-पुरुष, एकटे राहणारे वृद्ध, रोजंदारीवरचे मजूर आणि गावठाणापासून तुटलेल्या वस्तीतले लोक, एवढे पुरे. एकच व्यक्ती दोन गटांत बसली तर दोन्हीकडे मोजावी. तुलनेसाठी सरासरी वापरू नये. समजा, सात जणांना 2, 3, 3, 4, 5, 6 आणि 40 तास लागले. सरासरी 9 तास येते, पण सातांपैकी सहा जणांना तेवढा वेळ लागलेलाच नाही. आकडे चढत्या क्रमाने मांडून मधला, म्हणजे 4, घ्यावा आणि 40 तासवाल्याची हकीकत वेगळी, सविस्तर लिहावी. कागदावर नावाऐवजी क्रमांक टाकावा.

ऊसतोडीला जाणाऱ्या गावात पाहणी जानेवारीत केली तर निम्म्या घरांसमोर ‘कुलूप’ असा शेरा पडतो आणि ज्यांना सर्वाधिक उशीर होतो तेच गट वगळले जातात. फडावर, म्हणजे ऊसतोडीच्या शेतात, आजारी पडून खाडा झाला की मुकादम दंड कापतो, अंगावर उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली मजुरी, असते, त्यामुळे दुखणे अंगावरच काढले जाते. आणि कारखान्याजवळचा दवाखाना त्यांच्या ओळखीचा नसतो. टोळ्या परतल्यावर, एप्रिल-मेमध्ये जावे आणि प्रसंग गावात घडला की फडावर, हा रकाना आवर्जून ठेवावा.

निष्कर्ष टप्प्यानुसार योग्य ठिकाणी न्यावेत. वाहनाअभावी उशीर होत असेल तर 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावल्यापासून किती वेळात आली, याच्या नोंदी ग्रामसभेत ठेवाव्यात. पोहोचल्यावर उशीर झाला असेल तर तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना लेखी निवेदन द्यावे आणि त्यात सर्वोच्च न्यायालयाच्या 1996 च्या पश्चिम बंग खेत मजदूर समिती प्रकरणातील निकालाचा उल्लेख करावा. गरजू रुग्णाला वेळेवर उपचार न देणे हा शासकीय रुग्णालयाकडून घटनेच्या कलम 21 चा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा, भंग ठरतो, असे त्यात म्हटले आहे. निवेदनाच्या प्रतीवर पोचेचा शिक्का आणि तारीख घेऊनच कार्यालयातून बाहेर पडावे.