देवगिरी (दौलताबाद) बघायचा तर शत्रू बनून चढा

पहिली गोष्ट, सकाळी गेट उघडलं की आत शिरा. संभाजीनगरहून जेमतेम १५-१६ किमी, म्हणून सगळे निवांत नाश्ता करून अकराला उगवतात आणि मग उन्हाने हैराण होऊन अर्धे लोक खंदकापाशीच फोटो काढून परत फिरतात. पायऱ्या साडेसातशेच्या आसपास आहेत. पाणी भरपूर घ्या, टॉर्च घ्या, आणि खाऊची पिशवी हातात लटकवू नका, वानरं टपलेलीच असतात.

आत गेलात की चांदमिनारासमोर सेल्फी उरकून पळत सुटू नका. आपण किल्ला घ्यायला आलोय असं समजून चढा, मग खरी मजा. दारांवरचे अणकुचीदार खिळे बघा, हत्तीने धडक मारू नये म्हणून आहेत. वाटा मुद्दाम वळवलेल्या, म्हणजे धावत येणारं सैन्य वळणावर अडकणार. मग चिनी महाल (गोवळकोंड्याच्या अबुल हसन कुतुबशहाला औरंगजेबाने इथेच डांबलं होतं), शेजारी बुरुजावर मेंढा तोफ, तिचं मागचं टोक नीट बघा, मेंढ्याचं डोकं आहे. त्यानंतर खंदक, समोर सरळ तासलेला कातळ, आणि वर जायला एकच वाट, अंधेरी, म्हणजे कातळातलं काळोखं भुयार. इथे टॉर्च. दोन मिनिटं तो बंद करून उभे राहा, वटवाघळांच्या वासात कळेल की शत्रूचं काय होत असेल.

आता गंमत बघा. यादवांच्या भिल्लमाने १२व्या शतकात वसवलेली ही राजधानी, एवढा बंदोबस्त, तरी १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी आला तेव्हा मुख्य सैन्य राजपुत्र शंकरदेवाबरोबर बाहेर आणि त्याचा बाप राजा रामदेवरायाला तह करावा लागला. धान्याची म्हणून वर चढवलेली पोती मिठाची निघाली असंही सांगतात. तुघलकाने १३२७ मध्ये दिल्लीहून राजधानी इथे आणली आणि दौलताबाद नाव दिलं, तेही फार वर्षं टिकलं नाही. पुढे निजामशाहीत, १६२९ ला, जिजाऊंचे वडील लखुजी जाधवराव इथेच दगाबाजीने मारले गेले, आणि १६३३ ला मोगलांनी वेढा घालून किल्ला घेतला.

वरच्या बारादरी महालापर्यंत जाऊन यायला तीन तास धरा. वेरूळ याच रस्त्यावर पुढे आहे पण लेणी मंगळवारी बंद असतात, तेवढं बघून निघा. सीताफळाचा सीझन असेल तर खाली आल्यावर घ्या, आधी घेतलीत तर वानरांची पार्टी.