खापरपणजोबांची प्रेमपत्रं: आधी पाकीट बघा

इंग्लंडमधल्या पूर्वजांची व्हिक्टोरियन काळातली प्रेमपत्रं हाती लागली, तर मजकुराआधी पाकीट बघा. सही नुसती ‘तुझाच’ अशी असते. प्रेमात पूर्ण नाव कोण लिहितं! माणूस सापडतो तो पत्त्यावरून आणि टपालाच्या शिक्क्यावरून, म्हणून तिकीट कापू नका. गाव-साल कळलं की जवळच्या वर्षाची जनगणना उघडा. १८५१ पासूनच्या जनगणनेत कुटुंबप्रमुखाशी नातं, वय, धंदा, जन्मगाव असं सगळं मिळतं. मग लग्नाचा दाखला काढा. जुलै १८३७ पासूनच्या दाखल्यांत वधूवरांच्या वडिलांची नावंही असतात. कागद वाचवायला आडव्या ओळींवरच उभ्या ओळी लिहिल्या असतील, तर फोटो काढून तो फिरवून वाचा. मूळ पत्र सारखं उलगडू नका, घडीवरच ते फाटतं.