सातबाऱ्यावरून गळलेलं आत्याचं नाव असं परत आलं

कोकणातल्या आमच्या आंब्याच्या बागेचा सातबारा संगणकावर आला, त्यात आत्याचं नाव गायब. बाग विकायला काढली होती, गिऱ्हाईकाच्या वकिलांनी तिथेच बोट ठेवलं. तोंडी विनंत्या, नव्याने वारस नोंदीचा अर्ज, सगळं फुकट गेलं. फार मनस्ताप झाला.

वारस नोंद मुळात झालेलीच होती, चूक उतरवून घेताना झाली. म्हणून आधी हस्तलिखित सातबारा आणि आजोबांच्या वारसांचा फेरफार (हक्कबदलाची नोंद), दोन्हींच्या प्रमाणित नकला काढल्या. कडा झिजलेल्या त्या पानावर आत्याचं नाव निळ्या शाईत स्वच्छ होतं! मग महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६च्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे लेखनप्रमाद (लिहिताना झालेली चूक) दुरुस्तीचा अर्ज दिला. जुना फेरफार क्रमांक पहिल्याच ओळीत लिहिला, पोच घेतली. सहहिस्सेदारांना नोटिसा गेल्या, आदेश झाला. त्यावरून तलाठ्यांनी फेरफार धरला, मंडळ अधिकाऱ्यांनी प्रमाणित केला. नवा उतारा हातात आल्यावरच इसार घेतला.