नेट नसलेल्या क्लस्टरसाठी इमेज मिररिंग: या चुका टाळा

सोलापूर जिल्ह्यातल्या साखर कारखान्याच्या किंवा अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या गिरणीच्या बंदिस्त नेटवर्कवर कुबरनेटीस (अनेक मशीनच्या क्लस्टरवर कंटेनर चालवणारी प्रणाली) चालवायचं, तर इमेजेस, म्हणजे कंटेनर ज्यावरून चालतात ती सॉफ्टवेअरची पॅकेजेस, बाहेर उतरवून डिस्कवरून आतल्या रजिस्ट्रीत (इमेजेसच्या साठ्यात) न्याव्या लागतात. हेच मिररिंग. एक राहिली की पुन्हा फेरी. शिवाय गळीत हंगाम सुरू झाला की चालू यंत्रणेला हात लावू द्यायला कुणी तयार नसतं.

अर्धवट यादी

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. हेल्म चार्टची (कुबरनेटीसवर सॉफ्टवेअर बसवायच्या तयार साच्याची) व्हॅल्यूज फाइल वाचून इमेजेसची यादी करू नका. हेल्म टेम्प्लेट चालवा आणि निघालेल्या यामलमधून (काय चालवायचं ते कुबरनेटीसला सांगणाऱ्या मजकुरातून) नावं गोळा करा. इनिट कंटेनर (मुख्य कंटेनरआधी चालणारे) आणि हुकचे जॉब (बसवताना किंवा अपग्रेडवेळी चालणारी कामं) हमखास सुटतात. ऑपरेटर (दुसरं सॉफ्टवेअर बसवून सांभाळणारा प्रोग्रॅम) पुढच्या इमेजेसची नावं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये किंवा थेट कोडमध्ये ठेवतो, त्यामुळे टेम्प्लेटवरही पूर्ण भिस्त नको. नेट असलेल्या ऑफिसात कोऱ्या मशीनवर सगळं उभं करा, चालू पॉडच्या (एकत्र चालणाऱ्या कंटेनरच्या गटांच्या) इमेजेस काढा, यादीशी ताडून पाहा. पॉझ इमेज, म्हणजे प्रत्येक पॉडचा पाया धरणारी छोटी सँडबॉक्स इमेज, यातही दिसत नाही, कारण ती पॉडच्या व्याख्येत नसतेच. कंटेनरडीच्या (प्रत्येक मशीनवर कंटेनर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) कॉन्फिगमध्ये सँडबॉक्स इमेजचा पत्ता आतल्या रजिस्ट्रीचा द्या, नाहीतर एकही पॉड उठणार नाही.

पुल, टॅग, पुश

इमेज उतरवणं, नवं नाव देणं आणि आत चढवणं, डॉकरच्या या तीन कमांडांनी काम झाल्यासारखं वाटतं. पण मूळ नावामागे बहुतेकदा अनेक प्लॅटफॉर्मची मॅनिफेस्ट लिस्ट (प्रत्येक प्रकारच्या प्रोसेसरसाठीच्या इमेजची नोंद) असते आणि साधारणपणे खाली उतरतो तो एकच प्लॅटफॉर्म. आत पुश केल्यावर डायजेस्ट (इमेजच्या मजकुरावरून काढलेली ओळख) वेगळा पडतो. यामलमध्ये शा-२५६ डायजेस्ट लिहिला असेल तर ‘मॅनिफेस्ट अननोन’ येतं. आर्म प्रोसेसरच्या लॅपटॉपवर उतरवलेली इमेज इंटेल सर्व्हरवर ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ देते, ते याच कारणानं.

त्याऐवजी स्कोपियो (इमेजेस एका ठिकाणाहून दुसरीकडे नेणारं साधन) याची कॉपी कमांड वापरा आणि ‘ऑल’ हा पर्याय विसरू नका. तो नसेल तर स्कोपियोही चालू मशीनपुरतंच उचलतो. जोडीला ‘प्रिझर्व्ह-डायजेस्ट्स’ द्या, म्हणजे डायजेस्ट टिकणार नसेल तर कॉपी तिथेच थांबेल. डिस्कवर ठेवताना ‘डिर’ स्वरूप निवडा. ओसीआय या प्रमाणित स्वरूपात डॉकर पद्धतीचा मॅनिफेस्ट बदलला जातो आणि डायजेस्टही बदलतो.

लॉगिन न करता डॉकर हबवरून (डॉकरच्या सार्वजनिक रजिस्ट्रीवरून) एका आयपीवर ६ तासांत १०० पुल मिळतात. सगळं ऑफिस एकाच आयपीमागे असेल तर ४२९ (मर्यादा ओलांडल्याची) त्रुटी ठरलेली. लॉगिन करूनच उतरवा.

डिस्क

एफएटी३२ डिस्कवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. एक्सफॅट किंवा एक्स्ट४ करून घ्या. स्कोपियो तात्पुरत्या फाइली मुळात व्हार-टीएमपीमध्ये ठेवतो, तिथली जागाही बघा. डिस्क निघण्यापूर्वी आणि पोहोचल्यावर शा२५६सम कमांडनं फाइली जुळवा. दोन मिनिटांचा कंटाळा केला तर अख्खी फेरी वाया जाते.

आत गेल्यावर

रजिस्ट्री न उभारता प्रत्येक नोडवर (क्लस्टरमधल्या मशीनवर) सीटीआर या कंटेनरडीच्या कमांडनं इमेजेस घुसवणं हा शॉर्टकट आम्हाला मान्य नाही. के८एस.आयओ ही नेमस्पेस (कंटेनरडीतला कप्पा) दिली नाही तर क्युबलेटला (नोडवर पॉड सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमला) त्या दिसतच नाहीत. दिल्या तरी डिस्क ८५ टक्क्यांवर गेली की क्युबलेट वापरात नसलेल्या इमेजेस पुसतो, आणि पुन्हा आणायला रजिस्ट्रीच नसते.

रजिस्ट्रीच्या सर्टिफिकेटमध्ये नाव सब्जेक्ट ऑल्टरनेटिव्ह नेममध्ये हवं. नुसतं कॉमन नेम आताची गो भाषेतली साधनं मानत नाहीत. सर्टिफिकेट बरोबर असूनही ‘नॉट येट व्हॅलिड’ आलं तर नोडचं घड्याळ बघा. आतल्याच एका मशीनवर क्रोनी (वेळ जुळवणारं सॉफ्टवेअर) बसवून बाकीच्यांची वेळ त्याला बांधा.

त्रुटीत मूळ रजिस्ट्रीचं नाव आणि टाइमआउट दिसत असेल, तर मिररची सेटिंग लागलेली नाही किंवा मिररनं नकार दिलाय. कंटेनरडीत मिररची होस्ट्स-टॉमल फाइल लिहूनही तिचा पत्ता सांगणारा कॉन्फिग-पाथ भरायचा राहतो, तो आधी तपासा. डॉकरचं रजिस्ट्री-मिरर्स फक्त डॉकर हबला लागू पडतं, क्वे किंवा गिटहबच्या रजिस्ट्रीला नाही. ओपनशिफ्टवर (रेड हॅटच्या कुबरनेटीसवर) आयडीएमएस ही मिररची सेटिंग फक्त डायजेस्टनं मागितलेल्या इमेजेसना चालते. टॅगसाठी आयटीएमएस ही वेगळी सेटिंग लावा.

दुरुस्तीनंतरही ‘इमेजपुलबॅकऑफ’ (इमेज न मिळाल्यानं थांबून पुन्हा प्रयत्न करण्याची स्थिती) लगेच जात नाही, कारण दोन प्रयत्नांमधलं अंतर ५ मिनिटांपर्यंत वाढलेलं असतं. डिप्लॉयमेंटमधला पॉड डिलीट करा, नवा पॉड लगेच इमेज मागतो.