जुने टीव्ही-थरारपट बघायचे कसे

सत्तरच्या दशकात अमेरिकेत खास टीव्हीसाठी काढलेले थरारपट माझ्या अगदी जिव्हाळ्याचे. पहिल्यांदाच बघणार असाल, तर आधी लांबी तपासा. एबीसी वाहिनीच्या 'मूव्ही ऑफ द वीक'ला जाहिराती धरून दीड तास मिळे, म्हणून चित्रपट साधारण ७४ मिनिटांचाच. स्पीलबर्गचा 'ड्युएल' (एक ट्रकवाला मोटारीतल्या नायकाचा जीवघेणा पाठलाग करतो, त्याची गोष्ट) १९७१ साली असाच दाखवला गेला; परदेशी थिएटरांसाठी तो नंतर ९० मिनिटांचा केला. मिळाली तर छोटीच आवृत्ती बघा, ती जास्त घट्ट आहे.

चित्राच्या रुंदी-उंचीचं प्रमाण ४:३ ठेवा. ताणलंत की चेहरे फुगतात, आणि इथे तर सगळा खेळ चेहऱ्यांवरच असतो.

आता खरी गंमत. मधूनमधून पडदा काळा होतो. तिथे जाहिराती यायच्या, आणि प्रेक्षकाने चॅनल बदलू नये म्हणून लेखक नेमका त्याआधी धक्का ठेवत. मी तिथे पॉज करते, वहीत संशयिताचं नाव लिहिते, मगच पुढे जाते. एका बैठकीत तीन नावं खोडली आहेत मी!

'ड्युएल'मधला कॅफेचा प्रसंग तर दोनदा बघा. ट्रकवाल्याचा चेहरा नायकाने पाहिलेलाच नाही, दिसलेत फक्त बूट. आणि काउंटरपाशी बसलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या पायात तसेच बूट. दुसऱ्यांदा बघताना आवाज बंद करून फक्त नायकाच्या डोळ्यांकडे बघा.