शेवटच्या वर्षी ग्रेड घसरले? अमेरिकी कॉलेजची मिळालेली जागा कशी वाचवावी

अमेरिकेतली बहुतेक कॉलेजं मार्चअखेरपर्यंत प्रवेश कळवतात, १ मेपर्यंत डिपॉझिट भरून होकार द्यायचा असतो आणि शाळा मात्र मेअखेर किंवा जूनपर्यंत चालू राहते. मुलांचे ग्रेड घसरतात ते नेमके याच काळात. मग सल्ले येतात तेही दोन टोकांचे. एकजण सांगतो, ‘एकदा दिलेला प्रवेश कुणी काढून घेत नाही.’ दुसरा सांगतो, ‘एक सी आला की संपलं.’ (ग्रेड ए, बी, सी, डी असे उतरत जातात, एफ म्हणजे नापास.) दोन्ही खोटं आहे, आणि पहिलं जास्त घातक आहे. प्रवेश सशर्त असतो. वर्ष संपल्यावर शाळा अंतिम ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या विषयांच्या ग्रेडची अधिकृत नोंद, थेट कॉलेजला पाठवते आणि तिथे ते अर्जातल्या ग्रेडशी ताडून पाहिलं जातं.

१. आधी तुमची अट शोधा

ऑफर लेटरचा शेवटचा परिच्छेद आणि पोर्टलवरचं अटींचं पान वाचा. खासगी कॉलेजं बहुधा मोघम लिहितात: ‘आतापर्यंतच्या दर्जाला साजेशी कामगिरी कायम ठेवून वर्ष पूर्ण करावं.’ काही सरकारी विद्यापीठं आकडे देतात. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या अटींत शेवटच्या वर्षाचा जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, ३.० (साधारण बी) आणि प्रवेशासाठी मोजल्या जाणाऱ्या विषयांत डी किंवा एफ नको, असं येतं. अर्जात लिहिलेला एखादा विषय सोडणं हाही अटभंग धरला जातो. अवघड विषय मध्येच सोडून सरासरी वाचवण्याची युक्ती म्हणूनच वाईट. विषय सोडायचाच असेल, तर आधी कॉलेजला विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

२. ग्रेड किती येईल ते मोजा

भीतीवर निर्णय घेऊ नका, आकड्यांवर घ्या. समजा, सेमिस्टरच्या कामाला ८० टक्के आणि अंतिम परीक्षेला २० टक्के भार आहे, सध्या ६६ गुण आहेत आणि सी साठी ७० लागतात. ६६ चे ८० टक्के ५२.८ होतात. उरलेले १७.२ परीक्षेतून यायचे, म्हणजे परीक्षेत ८६ हवेत. अवघड आहे, पण होण्यासारखं आहे. हेच गुण ६२ असतील, तर परीक्षेत १०२ लागतील. मग परीक्षेच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही. शिक्षकांकडे जाऊन राहिलेली कामं मागा.

राहिलेल्या कामांचं मोल मुलांना कळत नाही. दहा असाइनमेंटपैकी नऊंना ८० आणि एकीला शून्य असेल, तर सरासरी ७२ वर येते. तीच उशिरा देऊन ८० च्या निम्मे, म्हणजे ४० गुण मिळाले तरी ७६ होते. शून्य पुसणं हा ग्रेड वाढवण्याचा सगळ्यात स्वस्त उपाय आहे आणि तो सेमिस्टर संपण्याआधीच करता येतो.

३. कळवायचं की नाही, हे ठरवा

ए च्या जागी बी आला असेल, तर काहीही लिहू नका. कॉलेजचा आणि तुमचा वेळ वाया जाईल. सगळे ए-बी असताना एखादा सी आला, तर सहसा काही होत नाही. पण तो सी तुमच्या शाखेच्या मूळ विषयात असेल, म्हणजे इंजिनिअरिंगला निघालेल्या मुलाला कॅल्क्युलसमध्ये, किंवा अटींच्या पानावरचा आकडा मोडत असेल, तर कळवा. दोन-तीन सी एकदम आले, किंवा डी अथवा एफ दिसू लागला, तर ट्रान्सक्रिप्टची वाट न पाहता कळवायचं. एपी परीक्षांचे (शाळेतच दिल्या जाणाऱ्या कॉलेज पातळीच्या परीक्षांचे) स्कोअर जुलैत येतात. ते कमी आले म्हणून प्रवेश जाण्याची भीती बहुधा नसते. तिथे कॉलेजच्या पदवीत धरलं जाणारं क्रेडिट हुकतं, एवढंच.

४. पत्र

बहुतेक जण चुकतात ते इथे. चुकीची मुळं दोन: पत्र उशिरा जातं, किंवा पत्रात रडगाणं असतं.

वेळेचं आधी. कॉलेजला धक्का बसतो तो घसरलेल्या ग्रेडचा नाही, लपवलेल्या ग्रेडचा. तुमचं पत्र ट्रान्सक्रिप्टच्या आधी पोहोचलं, तर अधिकारी ते वाचूनच ट्रान्सक्रिप्ट उघडतो. नंतर गेलं, तर तुम्ही पकडले गेल्यावर खुलासा करताय असं दिसतं, मग कारण कितीही खरं असो. पण घाबरून पहिल्याच दिवशीही लिहू नका. आधी शिक्षकांशी बोला, सुधारणेचा मार्ग ठरवा, शाळेच्या काउन्सेलरला सांगा आणि मग लिहा. या सगळ्याला आठवडा पुरतो. काउन्सेलरला वगळणं ही मोठी चूक आहे, कारण कॉलेज खात्री करायला फोन करतं तो त्यांनाच. तुम्ही एक सांगितलं आणि त्यांना काहीच माहीत नसलं, तर पत्राची किंमत तिथेच संपते.

पत्र विद्यार्थ्यानेच लिहावं. आईवडिलांनी लिहिलेलं पत्र, ओळखीच्या माजी विद्यार्थ्याचा फोन, वकिलाच्या भाषेतला मसुदा, यातलं काहीही पाठवू नका. कॉलेजला जो माणूस सप्टेंबरमध्ये वर्गात बसणार आहे त्याचं म्हणणं ऐकायचं असतं. पत्र तुमच्या भागाचे अर्ज पाहणाऱ्या प्रवेश अधिकाऱ्याच्या नावे, अर्जाचा क्रमांक घालून, एका पानाच्या आत. क्रम असा:

पहिल्या दोन वाक्यांत वस्तुस्थिती. ‘माझा भौतिकशास्त्राचा ग्रेड पहिल्या सेमिस्टरला बी होता, दुसऱ्याला डी येण्याची शक्यता आहे. बाकीचे विषय ए आणि बी वर आहेत.’ ‘थोडी घसरण झाली’ असं गुळमुळीत लिहिलं, की वाचणारा आकडा स्वतः शोधतो आणि चिडतो.

मग कारण, तीन-चार वाक्यांत. आजारपण, घरातला मृत्यू, घर बदलणं, शिक्षक मध्येच बदलणं ही कारणं चालतात, पण तारखा आणि कागद हवेत. डॉक्टरांचं पत्र असेल, तर जोडा. खास कारण नसेल, तर ते बनवू नका. ‘मी अभ्यास वेळेवर केला नाही, तीन असाइनमेंट दिल्या नाहीत’ हे सरळ लिहिलेलं, रचलेल्या दुखण्यापेक्षा केव्हाही बरं. खोटं उघडं पडलं, तर प्रवेश ग्रेडवरून नाही, अप्रामाणिकपणावरून जातो, आणि त्या निर्णयाला दाद मागायला फारशी जागा राहत नाही. शिक्षकांवर खापर फोडणंही टाळा. ‘सर फार कडक आहेत’ हे वाक्य असंख्य पत्रांत असतं आणि त्याचा उपयोग शून्य.

पत्राचं वजन तिसऱ्या भागावर ठरतं: आता काय चालू आहे. ‘मेहनत करीन’ हे उत्तर नाही. ‘राहिलेल्या तीन असाइनमेंट अमुक तारखेला दिल्या, आठवड्यातून दोनदा शिक्षकांकडे जातो, गेल्या चाचणीत ७४ मिळाले’ हे उत्तर आहे. ताज्या ग्रेडचा कागद सोबत जोडा.

शेवटी एकच प्रश्न: ‘अंतिम ग्रेड डी राहिला, तर उन्हाळी कोर्स करून तो भरून काढता येईल का, आणि कोणता कोर्स तुम्हाला मान्य असेल?’ या प्रश्नामुळे अधिकाऱ्याला ‘हो किंवा नाही’च्या पलीकडची एक वाट मिळते. बक्षिसांची यादी, कॉलेजवरचं प्रेम, स्वप्नं हे सगळं अर्जात येऊन गेलंय, इथे नको.

उत्तर आलं नाही, तर आठ-दहा दिवसांनी एकदा विचारा. रोज मेल करू नका.

५. कॉलेजकडूनच खुलासा मागितला गेला तर

दिलेल्या मुदतीत, वरच्याच क्रमाने उत्तर द्या. खुलासा मागितला म्हणजे प्रवेश गेला असं नाही. नुसती ताकीद, उन्हाळी कोर्सची अट, पहिल्या सेमिस्टरला ॲकॅडमिक प्रोबेशन (ग्रेडवर खास नजर ठेवून दिलेली मुभा) किंवा जानेवारीपासून प्रवेश, असंही होऊ शकतं. उन्हाळी कोर्स कॉलेजची लेखी मान्यता घेतल्याशिवाय सुरू करू नका. चुकीच्या कोर्सचे पैसे जातात आणि महिनाही जातो.

६. कागद वेळेत पोहोचवा

२०१७ मध्ये युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या अर्व्हाइन कॅम्पसने सुमारे ५०० जणांचे प्रवेश मागे घेतले, त्यांतल्या निम्म्याहून जास्त प्रकरणांत अडचण ट्रान्सक्रिप्टची होती. ओरड झाल्यावर विद्यापीठाला माफी मागावी लागली आणि ट्रान्सक्रिप्टमुळे अडकलेल्यांना प्रवेश परत द्यावे लागले. पण तेवढ्या गदारोळाच्या भरवशावर कुणी राहू नये. या विद्यापीठाची ट्रान्सक्रिप्टची मुदत १ जुलै असते. शाळेचं ऑफिस सुट्टीत बंद होण्याआधी पाठवण्याची विनंती करा, आणि ‘पाठवलं’ यावर समाधान न मानता पोर्टलवर ‘मिळालं’ दिसेपर्यंत तपासत राहा. भारतातून बारावी करून जाणाऱ्यांनी बोर्डाची गुणपत्रिका शाळेमार्फत, कॉलेज सांगेल त्याच मार्गाने पाठवावी. आय-२० (विद्यार्थी व्हिसासाठी कॉलेज देतं तो कागद) हातात आला म्हणून निकालाची अट संपत नाही.

७. पर्याय हाताशी ठेवा, पण नीट

भीतीपोटी दोन कॉलेजांत डिपॉझिट भरू नका. ते कळलं, तर दोन्हीकडचे प्रवेश जाऊ शकतात. वेटलिस्टवर नाव ठेवायला हरकत नाही. नॅकॅक ही प्रवेश अधिकारी आणि काउन्सेलरांची संघटना मेच्या सुरुवातीला, जागा शिल्लक असलेल्या कॉलेजांची यादी जाहीर करते. त्यातली दोन-तीन नावं काढून ठेवा आणि त्यांची अर्जाची मुदत व शिष्यवृत्तीची स्थिती फोन करून विचारा, कारण प्रवेश रद्द झाल्याचं पत्र जुलै-ऑगस्टमध्ये आलं, तर शोधायला हातात फार थोडे दिवस उरतात.